बीपीचं मशीन आणलंत, आता नीट मोजा

जळगाव-धुळ्यातच काय, यावल-रावेरकडच्या खेड्यांतही आता फडताळावर बीपीचं मशीन दिसतं. आकडा मात्र पुष्कळ घरांत चुकतो, आणि मग खापर मशीनवर फुटतं. मशीन बहुधा ठीकच असतं. पट्टा मापाचा नसतो, हात लोंबत असतो, आणि एकदा मोजून आलेल्या आकड्यावर घरभर गोंधळ होतो.

घरी मोजायचं ते डॉक्टरांना आठवड्याभराची सरासरी देण्यासाठी. गोळी सुरू करायची का, असलेली वाढवायची का, हे ठरवायला दवाखान्यातला एक आकडा पुरत नाही. एसटीतून उतरून, रांगेत ताटकळून आत गेलेल्या माणसाचं बीपी चढलेलंच असणार. जपानमध्ये इवाते प्रांतातल्या ओहासामा या शेतीवाडीच्या गावात १९८०च्या दशकापासून लोकांनी घरच्या घरी बीपी मोजलं आणि संशोधकांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. पुढच्या धोक्याचा अंदाज तपासणीच्या वेळच्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्यांवरून जास्त चांगला येतो, हे तिथे दिसलं. पण घरचे आकडे नीट घेतलेले असतील तरच.

मशीन

दंडाला पट्टा बांधायचं, ऑटोमॅटिक. शास्त्रीय चाचणी झालेल्या मॉडेलांची यादी स्ट्राइड बीपी या संकेतस्थळावर आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती पाहा. मनगटाचं मशीन नको, दंडावर मोजणं शक्यच नसेल तेवढंच ते वापरायचं. बीपी दाखवणारं घड्याळ तर अजिबात नको: युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२३ मध्ये बिनपट्ट्याची उपकरणं निदानासाठी वापरू नयेत असंच सांगितलंय. सेल उतरले की बदला, आणि वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या.

वेळ

सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी. संध्याकाळी जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, पण रोज एकाच सुमाराला. चहा, बिडी, तंबाखू झाली असेल तर अर्धा तास थांबा. मिश्रीही तंबाखूच आहे. बायका ती धरत नाहीत, आणि विचारणाराही नेमकं तेच विचारायचं विसरतो.

बसणं

पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं गप्प. मोबाइल नाही, टीव्ही नाही, ‘किती आलं?’ नाही. नुसत्या बोलण्याने वरचं बीपी दहाच्या आसपास वाढू शकतं. खाटेवर बसून मोजू नका. पाठ अधांतरी राहते आणि पाय लोंबतात. प्लास्टिकची साधी खुर्ची भिंतीला लावली की काम भागतं.

पट्टा: इथे घाई करू नका

मशीनसोबत जो पट्टा येतो तो मधल्या मापाचा असतो, बहुतेकदा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी. काही कंपन्या २२ ते ४२ चा देतात. माप पट्ट्यावरच छापलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही. ‘एकच पट्टा सगळ्या घराला चालतो’ हा सल्ला दुकानातून येतो, आणि तो चुकीचा आहे.

दंड मोजायला शिंप्याची टेप घ्या. कोपर काटकोनात वाकवा. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून त्या खुणेवर टेप फिरवा, आवळू नका. आलेला आकडा पट्ट्यावरच्या मापात बसत नसेल तर त्याच कंपनीचा दुसऱ्या मापाचा पट्टा मागवा. दुसऱ्या कंपनीचा पट्टा जोडून जुगाड करू नका, नळी बसली तरी आकडा भरवशाचा राहत नाही.

फरक किती पडतो? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांची एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५ प्रौढांचं बीपी त्यांनी वेगवेगळ्या मापांच्या पट्ट्यांनी मोजलं. ज्यांना मोठा पट्टा लागत होता त्यांना साधा बांधला तेव्हा वरचं बीपी सरासरी ४.८ ने जास्त दिसलं. ज्यांना सगळ्यात मोठा लागत होता त्यांच्यात तब्बल १९.५ ने. म्हणजे जाडजूड दंडाच्या माणसाचं १२५ बीपी पट्ट्यापायी १४४ दिसू शकतं आणि नको असलेली गोळी मागे लागते.

आपल्याकडे उलटी बाजू जास्त दुर्लक्षित आहे. त्याच चाचणीत बारीक दंडाच्या लोकांना साधा पट्टा बांधल्यावर आकडा ३.६ ने कमी आला. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या कितीतरी बायांचे दंड २१-२२ सेंटिमीटरचे असतात. तिथे साधा पट्टा सैल फिरतो, आकडा सीमेच्या जरासा खाली दाखवतो, आणि ‘माले काहीच तरास नही’ म्हणत बाई तशीच वावरात जाते. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे त्रास नसणं हा पुरावा धरू नका.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली. कडेतून दोन बोटं जेमतेम आत गेली पाहिजेत. सदऱ्याची बाही वर सरकवून तिचा घट्ट कडा करणं सगळ्यात वाईट, तिथेच रक्त अडतं. पोलक्याची बाही घट्ट असेल तर ती वर ओढू नका. मोजायच्या वेळी सैल, बिनबाह्यांचं काहीतरी घाला किंवा हात बाहीतून बाहेर काढा. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झालीय त्या हाताला पट्टा कधीच लावायचा नाही.

हात: यातच बहुतेकांची गफलत

पट्टा बरोबर बांधला आणि हात मांडीवर ठेवला, की केलेलं सगळं पाण्यात. नियम सोपा आहे: पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याशी, म्हणजे हृदयाच्या उंचीला हवा, आणि हाताला खालून पूर्ण आधार हवा. पट्टा हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली गेला की आकडा साधारण ७-८ ने वाढतो. तेवढाच वर गेला तर तेवढाच घटतो. रक्ताच्या स्तंभाचं वजन आहे ते, मशीन कितीही महाग असलं तरी सुटत नाही.

जॉन्स हॉपकिन्सच्याच २०२४ च्या चाचणीत १३३ प्रौढांचं बीपी तीन तऱ्हांनी मोजलं. टेबलावर हात ठेवून आलेल्या आकड्याशी तुलना केली तर मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचं ३.९ आणि खालचं ४ ने जास्त दिसलं. बाजूला लोंबत सोडलेल्या हाताने वरचं ६.५ आणि खालचं ४.४ ने. दवाखान्यातसुद्धा ‘हात द्या’ म्हणून अधांतरी हाताला पट्टा बांधतात तेव्हा हेच घडतं. तिथे न लाजता टेबल मागा.

घरात टेबल नसेल तर? शेजारी दुसरी खुर्ची ठेवा, तिच्यावर पत्र्याचा डबा उलटा घाला, वर गोधडीची घडी करा. घडी कमी-जास्त करत पट्टा छातीच्या मध्याशी येईपर्यंत उंची जुळवा. एकदा जुळली की किती घड्या लागल्या ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तळहात वर, बोटं सैल, मूठ नाही. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरायचा नाही, आणि घरातल्या कोणी खालून धरूनही भागत नाही, कारण तो हलतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. दरवेळी एका हाताचं १० हून जास्त येत असेल तर पुढे कायम त्याच हाताचं घ्या. फरक २० च्या पुढे असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मोजणं आणि लिहिणं

बटण दाबा, एक मिनिट थांबा, पुन्हा दाबा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असं सात दिवस. दिसलेला आकडा जसाच्या तसा उतरवा: ‘मंगळवार, स. ६.४०, १४२/८८, १३६/८४, नाडी ७२’. १३८ चे १४० करू नका. जास्त आला म्हणून खोडू नका, आणि मनासारखा येईस्तोवर दाबत बसू नका. नाडी अनियमित असल्याची खूण मशीन वारंवार दाखवत असेल तर तेही लिहा. अशा माणसात मशीनचा अंदाज कच्चा पडतो आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) काढावा लागतो.

सरासरी

पहिल्या दिवसाचे चारही आकडे सोडून द्या. उरले सहा दिवसांचे २४. वरच्यांची बेरीज समजा ३३१२ आली, भागिले २४, म्हणजे १३८. खालच्यांची १९९२, म्हणजे ८३. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे बीपी वाढलेलं. दवाखान्यातली १४०/९० ही रेघ इथे लावायची नसते. दोहोंपैकी एक जरी आकडा रेघेवर किंवा रेघेच्या वर असला तरी तो धरायचा, म्हणून १३८/८३ हे वाढलेलंच. शहाद्यापासून भुसावळपर्यंत कोणालाही विचारा, ‘घरी १४० पर्यंत चालतं’ असं सांगतील. चालत नाही.

दवाखान्यात १६० आणि घरी सरासरी १२६ असेल तर ती डॉक्टरांपुढची धास्ती. गोळीची घाई नको, पण मधूनमधून मोजत राहायला हवं. उलटा प्रकार जास्त धोक्याचा: दवाखान्यात १३०, घरी १४८. तो वही नेल्याशिवाय सापडतच नाही.

मोबाइलवरचे सल्ले

‘बीपीची गोळी रात्रीच घ्या, जास्त फायदा’ हा निरोप अजून फिरतोय. ब्रिटनमधल्या टाइम चाचणीत २१,१०४ जणांपैकी काहींनी सकाळी आणि काहींनी संध्याकाळी गोळी घेतली. २०२२ मध्ये निकाल आला, हृदयविकार आणि लकव्याच्या बाबतीत फरक नाही. ज्या वेळी विसरणार नाही ती वेळ ठेवा.

‘१२० च्या खालीच आणा’ हा दुसरा. तो अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीवरून आला. २०१५ च्या त्या चाचणीत ९,३६१ जण होते, आणि १२० चं लक्ष्य ठेवलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. पण मधुमेह असलेले आणि आधी लकवा झालेले त्यात घेतलेच नव्हते. चक्कर येणं, मूत्रपिंडाला इजा होणं असे प्रकारही त्या गटात वाढले. शिवाय मोजणी पाच मिनिटं बसवून, ऑटोमॅटिक मशीनने झाली होती. घाईत घेतलेल्या आकड्याला ते लक्ष्य लावून गोळ्या वाढवल्या तर म्हातारा माणूस पहाटे उठताना पडेल.

मिठाचा सल्ला मात्र खरा आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत (२०२१) साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, आणि लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर असं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. उडदाचे पापड, लोणचं आणि शेव मोजून खाणं कोणालाही जमतं. (जमतं म्हणजे ठरवलं तर.)

एकदम जास्त आलं तर

१८०/१२० किंवा वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पण छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, एक बाजू लुळी पडलीय, बोलणं अडखळतंय किंवा एकाएकी दिसेनासं झालंय, तर पुन्हा मोजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. यातलं काही नसेल आणि आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जादा गोळी घेऊ नका. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची जुनी खोड तर सोडाच; बीपी धाडकन उतरून लकवा किंवा हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. गरोदर बाईचं १४०/९० आलं तरी आठवडा मोजत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

कधी मोजायचं

गोळी नवी किंवा बदललेली असेल तर डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा. बाकी रोज मोजायची गरज नाही, त्याने फक्त काळजी वाढते. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की बऱ्याच जणांचं बीपी खाली येतं, लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. तेव्हा एक आठवडा मोजा आणि उठताना अंधारी येत असेल तर डोस कमी करायचा का ते विचारा, गोळी स्वतः बंद करू नका. थंडी पडली की ते पुन्हा चढतं, म्हणून डिसेंबरात आणखी एक आठवडा.

वही घेऊन जाताना सरासरी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, २४ आकडे वाचायला ओपीडीत कोणाला सवड नसते. त्या सरासरीवरून गोळी बदलायची का, हे थेट विचारा. ब्रिटनमध्ये १,१८२ रुग्णांवर झालेल्या २०१८ च्या चाचणीत घरच्या आकड्यांवरून डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या, तेव्हा वर्षभराने वरचं बीपी नेहमीच्या पद्धतीपेक्षा साडेतीन ते पावणेपाच अंकांनी खाली होतं.