अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाची तयारी शाळेपासून: या चुका टाळा

हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन, येल ही नावं आता नाशिक-सांगलीच्या घरांतही जेवताना निघतात. बारावीनंतर थेट तिथे पदवीला जायचं तर तयारी आठवी-नववीपासून हवी, हे खरंच आहे. चूक होते ती त्याच्या पुढे. लवकर तयारी म्हणजे आणखी दोन क्लास, एक रोबोटिक्स, चार स्पर्धा परीक्षा असं समजून मुलाची वर्षं भरून टाकली जातात. आणि ज्या गोष्टी बारावीत काही केल्या सुधारता येत नाहीत, त्या तशाच राहून जातात. एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा पुन्हा देता येते, निबंध पाच वेळा खोडून लिहिता येतो. पण नववीतले गुण, शिक्षकांशी कधी झालीच नाही ती ओळख, दहावीनंतर सोडून दिलेलं गणित, या गोष्टी बारावीच्या दिवाळीत परत मिळत नाहीत. लवकर बघायचं ते यांच्याकडे.

नववी आणि अकरावी धरायचीच नाही

आपल्याकडे दहावी-बारावीच्या मधल्या वर्षाला फार कुणी विचारत नाही. अकरावीचा निकाल कॉलेजच्या पातळीवर लागतो, बोर्डाच्या गुणपत्रिकेत त्याचा उल्लेख नसतो, त्यामुळे ‘पास झाला की बास’ असं चालतं. नववीचंही तेच. अमेरिकेत मात्र हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि अर्जासोबत चारही वर्षांची गुणपत्रकं जातात. त्यातही अर्ज जातो नोव्हेंबर ते जानेवारीत. बारावीचा निकाल मे महिन्यात. म्हणजे प्रवेश समितीसमोर त्या वेळी असतात नववी, दहावी, अकरावी आणि बारावीची सहामाही. अकरावीत फिजिक्सला ५२ असतील, तर बारावीला पुढे ९५ पडणार आहेत हे त्यांना कुठून कळणार?

अकरावी अशी वाया गेलीच असेल, तर बारावीची सहामाही आणि पूर्वपरीक्षा गांभीर्याने द्या आणि त्या गुणांचं अधिकृत पत्रक कॉलेजकडून मागून घ्या. अर्जात ‘आणखी काही सांगायचं आहे का’ अशी एक जागा असते. घरातलं आजारपण, गाव बदलणं, मराठी माध्यमातून एकदम इंग्रजीत जाणं असं खरं कारण असेल, तर ते तिथे साध्या चार वाक्यांत लिहावं. कारण नसेल तर बनवू नये.

कॉलेज कागदावर, शिक्षण क्लासमध्ये

महाराष्ट्रातल्या मुलांची सर्वांत मोठी अडचण मला इथे दिसते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. दहावीनंतर शाळा सुटते, ज्युनियर कॉलेज सुरू होतं. जेईईची तयारी करणारी बहुतेक मुलं इंटिग्रेटेड पद्धतीने शिकतात. प्रवेश एका कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, हजेरीचं काय ते क्लासवाले बघतात. कॉलेजात पाय पडतो तो जर्नल सर्टिफाय करून घ्यायला. जेईईपुरतं हे चालून जातं. अमेरिकेच्या अर्जात नाही, कारण बहुतेक नामांकित विद्यापीठांना वर्गात प्रत्यक्ष शिकवलेल्या दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवी असतात आणि शिवाय एक पत्र समुपदेशकाचं किंवा मुख्याध्यापक-प्राचार्यांचं. एमआयटी तर दोनपैकी एक शिक्षक गणित-विज्ञानाचे आणि दुसरे भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाचे मागते. ज्या सरांनी मुलाला कधी पाहिलंच नाही, ते काय लिहिणार? मग ऑफिसमधल्या क्लार्कने चारित्र्याच्या दाखल्याचा मसुदा काढायचा आणि नाव बदलून द्यायचा: विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व कष्टाळू आहे, त्याच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. असं पत्र मुलाच्या विरोधात जात नाही, पण त्याच्या बाजूनेही एक शब्द बोलत नाही.

म्हणून दहावीच्या सुट्टीत कॉलेज निवडतानाच विचारा, वर्ग खरोखर भरतात का, प्राचार्य परदेशी विद्यापीठांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतील का. विषय घेताना दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेतलं की गुण सोपे जातात, हे खरं. पण मग भाषेचे शिक्षक म्हणून एकटे इंग्रजीचे सर किंवा मॅडम उरतात, आणि त्यांच्या तासाला मूल बसलेलं नसेल तर तेही नाहीत. मराठी किंवा संस्कृत ठेवलेल्या मुलाकडे एक आणखी माणूस असतो, ज्याने त्याचा निबंध वाचलेला आहे, ज्याच्याशी त्याने वाद घातलेला आहे.

इंटिग्रेटेडमध्ये आधीच अडकला असाल, तर अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीपासून प्रॅक्टिकलला नियमित जा, दोन शिक्षकांना आपलं काम दाखवत राहा. पत्र मागताना त्यांना एक कागद द्या. त्यांच्या विषयात तुम्हाला काय अडलं, कोणता प्रश्न घेऊन तुम्ही त्यांच्याकडे गेलात, प्रयोग कुठे फसला आणि पुन्हा कसा केला, हे त्यावर लिहा. चांगले शिक्षक अशा कागदावरून उत्तम पत्र लिहितात, फक्त त्यांना ते दिवस आठवून द्यावे लागतात. आणि ऐन ऑक्टोबरात नको, जून-जुलैत विचारा. सहामाहीचे पेपर तपासत असलेल्या माणसाकडून घाईत मागितलेलं पत्र तसंच घाईचं येतं.

गणित सोडणं

हे थोडक्यात. दहावीनंतर ‘डॉक्टरच व्हायचंय’ म्हणून गणित सोडणारी मुलं अकरावीच्या मध्यावर मन बदलतात. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र या सगळ्यांना बारावीपर्यंतचं गणित लागतं. ब्रिटनमधल्या केंब्रिजला अर्थशास्त्रासाठीही ते सक्तीचं आहे. खात्री नसेल तर गणित ठेवा.

जुन्या याद्या

नात्यातलं कुणीतरी आठ-दहा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेलं असतं, त्यांची यादी घरात फिरते. त्यातली एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून बंद आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची केव्हीपीवाय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये सरकारच्या इन्स्पायर योजनेत विलीन झाली. एसएटीच्या विषयवार परीक्षा २०२१ मध्ये बंद झाल्या आणि मूळ एसएटी भारतात २०२३ पासून संगणकावर होते. कोविडच्या काळात ‘एसएटी ऐच्छिक’ झाली होती, तेही अनेक ठिकाणी बदललं. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्डनेही नंतर केली. नियम दर वर्षी हलतात. विद्यापीठाचं स्वतःचं पान जूनमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा नीट वाचायचं, दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यावर जायचं नाही.

प्रमाणपत्रांची फाइल

नववीच्या मुलाची जाडजूड प्लास्टिकची फाइल घेऊन पालक येतात. वक्तृत्व, चित्रकला, अबॅकस, सायन्स फेअर, कराटे. मेहनत सगळी खरी असते. पण कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक अमेरिकी विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांसाठी फक्त दहा जागा आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. एमआयटीच्या अर्जात तर उपक्रमांच्या चारच जागा. फाइलमधली तीस प्रमाणपत्रं तिथे जाऊच शकत नाहीत.

जातं ते टिकून केलेलं काम. समजा, मुलगा तबला शिकतो. ‘तबल्याची आवड, अनेक बक्षिसं’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘मध्यमा उत्तीर्ण, सहा वर्षं शिक्षण, दर एकादशीला गावच्या भजनी मंडळाला साथ, तीन लहान मुलांना शिकवतो’ असं लिहिलं की माणूस दिसतो. एवढ्याच अक्षरांत. गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा म्हणजे काय हे बोस्टनमधल्या वाचकाला माहीत नसतं, म्हणून आपल्याकडच्या गोष्टी सांगताना त्या किती कठीण, किती वर्षांच्या, हे सोबत जायला हवं.

आणि एक गोष्ट आपण लाजून लपवतो, ती म्हणजे घरचं काम. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी हा स्वतंत्र प्रकार आहे, पगारी कामही आहे. पहाटे उठून धार काढणारी, डेअरीवर दूध घालून फॅट किती लागली ते वहीत उतरवणारी आणि महिन्याचा हिशेब आईला समजावून सांगणारी मुलगी ‘माझ्याकडे एक्स्ट्रा करिक्युलर काही नाही’ म्हणते तेव्हा फार वाईट वाटतं. तिच्याकडे दहाव्या वर्षापासूनची जबाबदारी आहे, आकडे आहेत. अकरावीच्या सुट्टीत घाईघाईने काढलेल्या ‘एनजीओ’पेक्षा ते शतपटीने खरं आहे. ती एनजीओ अर्ज गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात बंद पडते, हे प्रवेश समित्यांनाही माहीत असतं.

पैसे देऊन मिळणाऱ्या ‘संशोधना’चंही तसंच. परदेशी प्राध्यापकाचं नाव, ऑनलाइन सहा आठवडे, शेवटी कुठल्याशा जर्नलमध्ये शोधनिबंध, फी लाखांत. विद्यापीठाच्या आवारात भरणारी महागडी उन्हाळी शिबिरंही बऱ्याचदा फी भरेल त्याला घेणारी असतात. तिथे जाऊन आल्याने त्याच विद्यापीठात प्रवेश सोपा होत नाही. याउलट गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम, दहावीपर्यंतच्या मुलांसाठीची विज्ञानाची एनएसईजेएस, या परीक्षा शाळेतल्या मुलांसाठीच आहेत, फी किरकोळ आहे, आणि पुढे निवड झाली तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिरापर्यंत वाट जाते. निवड नाही झाली तरी एका गणिताशी तीन दिवस झगडण्याची सवय लागते. ती सवय निबंधात दिसते, मुलाखतीत दिसते.

‘आपल्याला परवडणार नाही’ म्हणून अर्जच न करणं

वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे आहे, हे वाचून घरात विषय संपतो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ ही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना घरची परिस्थिती बघत नाहीत आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत देतात. २०२५ पासून हार्वर्डमध्ये वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबांना काहीच भरावं लागत नाही, एमआयटीचीही तीच मर्यादा आहे. आपल्याकडचं नोकरदार घर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. कॉर्नेलमध्ये भारतीय नागरिकांसाठी, पदवीच्याच विद्यार्थ्यांसाठी टाटा शिष्यवृत्ती आहे. उलट जे. एन. टाटा एंडोमेंटचं कर्ज पदव्युत्तर शिक्षणाला मिळतं, त्यावर बारावीनंतरचा हिशेब बांधू नका.

मात्र सगळीकडे असं नाही. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे हे निवडीत विचारात घेतलं जातं, आणि अर्जाच्या वेळी मागितली नाही तर नंतर मागता येत नाही. म्हणून ‘आधी प्रवेश मिळू दे, मग बघू’ हे धोरण घात करतं. उत्पन्नाचे कागद, आयकर विवरणपत्रं, शेती असेल तर सात-बारा, वडिलांच्या नोकरीचा फॉर्म १६ हे अकरावीतच एका जागी ठेवा.

नाव आणि कागद

बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. शाळेच्या दाखल्यावर आणखी वेगळं स्पेलिंग. एसएटीची नोंदणी, कॉमन अ‍ॅप आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षरशः एकच हवं. पासपोर्ट दहावीतच काढून घ्या आणि पुढचं सगळं त्याप्रमाणे करा. दहावीच्या प्रमाणपत्रातली चूक दुरुस्त करायला शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

मराठी शाळेचं नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत असतं. शाळा सोडण्याआधीच त्याच्या साक्षांकित प्रती आणि शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीतलं गुणपत्रक, शिक्का आणि जावक क्रमांकासह, मागून घ्या. दोन वर्षांनी मुख्याध्यापक बदललेले असतात.

शिफारसपत्रं आणि गुणपत्रकं शाळेने स्वतःच्या ईमेलवरून चढवायची असतात. इथे काही एजंट ‘शाळेचा ईमेल आम्हीच बनवतो’ म्हणतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याने खोटी कागदपत्रं देऊन प्रवेश आणि मदत मिळवल्याचं उघड झालं. त्याला अटक झाली, विद्यापीठातून काढलं गेलं आणि मायदेशी परत यावं लागलं. प्राचार्यांना संगणकाची सवय नसेल, तर जूनमध्ये त्यांच्याशेजारी बसून रिकामा फॉर्म दाखवा, भरतील तेच.

सगळं बारावीच्या हिवाळ्यात आणून ठेवणं

१ नोव्हेंबर ही लवकरच्या अर्जाची नेहमीची तारीख, नियमित अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्डाची प्रॅक्टिकल आणि लेखी त्याच्या लगेच मागे. दोन्ही वाटा धरायच्या असतील, आणि धराव्यातच, तर एसएटी अकरावी संपेपर्यंत उरकायची आणि मुख्य निबंधाचा पहिला खर्डा अकरावीनंतरच्या मे महिन्यात. तो जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि मुलानेच लिहायचा असतो. एसएटीच्या इंग्रजीसाठी क्लासपेक्षा सातवी-आठवीपासूनचं वाचन जास्त कामाला येतं. मराठी माध्यमातल्या मुलाचं त्यासाठी आठवीत माध्यम बदलू नका. रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आणि तेवढंच मराठी पुरतं.

दोन्ही वाटा अशासाठी की एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात जेमतेम दोघांची निवड होते. फार चांगली मुलंही राहतात. आयआयटी, बेंगळुरूचं आयआयएससी, विज्ञानासाठीच्या आयसर संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही नावं यादीत पहिल्या दिवसापासून असू देत, आणि मुलासमोर त्यांचा उल्लेख ‘नाहीच झालं तर’ असा करू नका.

मूल आत्ताच बारावीत असेल आणि यातलं निम्मं राहून गेलं असेल, तर एक वर्ष थांबून पुढच्या फेरीत अर्ज करता येतो, फक्त त्या वर्षात काय केलं हे सांगता यायला हवं. मात्र इथे पदवीचं एक पूर्ण वर्ष झालं की हार्वर्डसारख्या ठिकाणी तुम्ही बदलीचे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मधूनच येऊ पाहणारे, अर्जदार ठरता आणि त्या जागा अगदी मोजक्या असतात. तेव्हा जुलैत इथल्या कॉलेजची फी भरण्याआधी हा निर्णय घरात बसून घ्या.