देशाचा नकाशा युद्धाच्या नजरेने कसा वाचावा

रंगीत राजकीय नकाशा बाजूला ठेवा. उंचसखलपणा, रस्ते आणि रेल्वे दाखवणारा घ्या.

आधी राजधानी सीमेपासून किती लांब आहे ते मोजा. सोल उत्तर कोरियाच्या सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, म्हणजे लांब पल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात.

मग डोंगर, नद्या, किनारा. ‘डोंगर आहेत, म्हणजे ती बाजू सुरक्षित’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बेल्जियमच्या बाजूच्या आर्देनच्या डोंगराळ जंगलातून रणगाड्यांची मोठी फौज लवकर येणार नाही, या भरवशावर फ्रान्सने तिथे कमी सैन्य ठेवलं आणि मे १९४० मध्ये जर्मन तिथूनच आले.

खरी मेख पुढे आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं, तर या देशाचं नाक कुठे आहे? बहुतेक जण सीमारेषेवरच बोट फिरवत बसतात. नाक बऱ्याचदा आत असतं. पाणी, इंधन, धान्य आणि दारूगोळा यांची वाट वेगवेगळी, उगमापासून शेवटपर्यंत काढा. चारही एकदम काढाल तर फसाल. सिंगापूरला जोहोरहून येणारं पाणी मुख्य भूमीला जोडणाऱ्या बांधावरच्या नळातून यायचं. जानेवारी १९४२ च्या अखेरीस माघार घेताना ब्रिटिशांनी तो बांध स्वतःच उडवला, त्यासोबत नळही गेला. पुढे बेटावरचे जलाशय जपान्यांच्या हाती पडले आणि १५ फेब्रुवारीला शरणागती आली. सिंगापूरच्या समुद्राकडे रोखलेल्या त्या प्रसिद्ध तोफांवरच सगळे बोलतात, पाण्याचं कोणी काढत नाही!

वाट नुसती तुटायलाच हवी असं नाही, वरून दिसली तरी पुरे. १९९९ च्या कारगिल युद्धात तोलोलिंगच्या शिखरावरून द्रासजवळचा श्रीनगर–लेह रस्ता थेट नजरेत येत होता. म्हणून रस्त्याशेजारच्या उंचीच्या रेषा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रत्येक नाकाला एकच प्रश्न विचारा: दुसरी वाट आहे का? इराणच्या आखाताचं तोंड असलेली होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तर कतारचा द्रवरूप गॅस जहाजाने बाहेर काढायला मार्ग नाही. सौदी अरेबियाने मात्र तांबड्या समुद्रावरच्या यान्बूपर्यंत तेलवाहिनी टाकून ठेवली आहे. नकाशावर दोघे शेजारी असले तरी जोखीम सारखी नाही.

ऋतू तपासा, चिखल आणि बर्फ वेळापत्रक बदलतात.

शेवटी नकाशा फिरवून हल्लेखोराची रसद मोजा. १९४१ मध्ये सोव्हिएत रूळ जर्मन गाड्यांना रुंद पडले, आणि ते अरुंद करत करतच त्यांना पुढे सरकावं लागलं.