'येतो' कुठे म्हणावं, 'राम' कुठे म्हणू नये: इंदुरी मराठीतल्या या चुका टाळा

माझा भाचा इंदूरहून पुण्याला नोकरीला गेला आणि पहिल्याच आठवड्यात मुलाखतीला निघालेल्या रूममेटला म्हणाला, "घाबरू नको, लागून राहा." रूममेटने विचारलं, "कशाला लागून? भिंतीला?" हिंदीतलं 'लगे रहो' मराठीत शब्दशः आणलं की ते असं भिंतीला टेकतं. तिथे 'सोडू नकोस', 'होऊन जाऊ दे', नाहीतर सरळ 'लढ बाप्पू' म्हणावं.

पेपरचं प्रकरण याहून नाजूक. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगच्या गल्ल्यांत परीक्षेला निघालेल्या मित्राला "भिया (म्हणजे भैया), फोड़ देना" म्हणतात. तेच घरी मराठीत "पेपर फोडून ये" झालं की आजोबा चष्म्यावरून बघतात, कारण मराठीत पेपर फुटला की पोलीस येतात. "फोडलंस भावा" हे काम फत्ते झाल्यावर खुशाल म्हणा, फक्त शेजारी पेपर नको.

'शाब्बास' वरून खाली जातो, खालून वर नाही. मूळ फारसी 'शाद बाश', म्हणजे खूश राहा. अर्थ कितीही गोड असला तरी सासऱ्यांच्या हातचे पोहे खाऊन "शाब्बास!" म्हणायचं नसतं. मी म्हटलं होतं. 'कमाल केलीत' पुरलं असतं.

आता राम. आपल्याकडे सकाळी पोहे-जलेबीच्या ठेल्यावर "भिया राम" झाला की दिवस सुरू होतो. मराठीत 'रामराम' भेटतानाही चालतो आणि निघतानाही. पण 'नोकरीला रामराम ठोकला' म्हणजे सोडली, आणि 'म्हाताऱ्याने राम म्हटला' म्हणजे संपलंच. त्यामुळे "काकांनी आज सकाळी राम म्हटला" असं फोनवर सांगू नका. काका ठेल्यावर जलेबी खात असतील आणि पुण्याचे नातेवाईक गाडीत बसलेले असतील. नारळाचंही तसंच. पाहुण्याला, सत्कारमूर्तीला नारळ देतात, पण ऑफिसने 'नारळ दिला' तर ती हकालपट्टी.

निघताना आपण हमखास चुकतो तो शब्द म्हणजे 'चलतो'. 'चलता हूँ' डोक्यात असतं, तोंडून 'चलतो' येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चालायला निघाला की काय. 'निघतो' म्हणा. दोस्तांत 'कल्टी मारतो', 'सटकतो' चालेल, मोठ्यांसमोर नाही. 'आराम से जाना' हेही 'आरामात जा' होत नाही. त्याचा अर्थ होतो, घाई नाही, बस अजून. 'जपून जा, पोचलास की फोन कर' हे आपलं.

'जातो' तर उंबऱ्यात उच्चारूच नये, म्हणायचं 'येतो'. दुकान बंद करताना 'वाढवतो' आणि बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणणारी ही भाषा, ती जाणंही येण्यातच सांगते. बडोद्याचे आपले लोक गुजरातीत 'आवजो' म्हणतात, त्यातही 'या'च आहे. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या) गर्दीत कितीही धक्के बसोत, गणपतीला कोणी 'जा' म्हणत नाही, 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात.

पण ही सवय एके ठिकाणी आवरावी लागते. इंदूरच्याच रामबागेत एका ओळखीच्यांकडे गेलो होतो, घरातला माणूस गेल्याला तीन दिवस झाले होते. आई काही न बोलता उठली, मावशींच्या हातावर हात ठेवला, चपला घातल्या. मी मागून सवयीने म्हटलं, "येतो हं." जिन्यात आईने माझा दंड असा धरला की बोटं उमटली. अशा घरातून 'येतो' न म्हणताच निघतात, कारण तशा कारणाने पुन्हा यायची वेळ कोणावर येऊ नये. दवाखान्यातून सुटी मिळाल्यावरही डॉक्टरांना 'येतो' म्हणू नका, नमस्कार करा.

फोनवर मात्र धोका नाही. 'रखता हूँ' आणि 'ठेवतो' दोन्हीकडे सारखंच, आणि 'ठेवतो' म्हटल्यावर पंधरा मिनिटं बोलणंही.