काळी पिशवी घरी ठेवून जा

समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून मानसिक आरोग्याच्या कामात येताय ना? मग साठवणीच्या, म्हणजे वस्तू टाकवतच नाहीत अशा आजाराच्या (होर्डिंग) पहिल्या केसला कचऱ्याची काळी पिशवी नेऊ नका. मी नेली होती.

पुण्यात दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या आजी. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, रद्दी, लग्नपत्रिका. ओट्यापर्यंत आडवं होऊन जावं लागे. परदेशातल्या मुलाचा रोज फोन. आजी चार दिवस गावी गेल्या आणि आम्ही दोन टेम्पो भरून घर मोकळं केलं. फोटोही काढले, लाज वाटते आता. परतल्यावर आजी उंबऱ्यातच बसल्या. पत्रिकांच्या गठ्ठ्यात यजमानांच्या हातचा हिशेब होता. भंगारवाल्याकडे धावले, तोवर माल पुढे गेला होता. पाच महिन्यांत घर पुन्हा भरलं. मला मात्र दार उघडलं नाही.

सामान म्हणजे आजार नव्हे. टाकायचं ठरवताना जीव कासावीस होतो, तो आजार. ठरवलं तुम्ही, तर कासाविशी तशीच राहते, वर विश्वासही जातो. म्हणून एका भेटीत एक खण, आणि हात त्यांचाच. ‘लागेल कधीतरी’ म्हणाले तर ‘कशाला लागेल?’ एवढंच विचारा आणि ऐका. घाई फक्त दोन ठिकाणी: शेगडीजवळची रद्दी आणि बाहेर पडायची वाट. तिथेही आधी सांगून.

अहवालात ‘खूप पसारा’ लिहू नका. क्लटर इमेज रेटिंग ही चित्रांवरून पसारा मोजायची पट्टी आहे. तिच्यात बैठक, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांची प्रत्येकी ९ चित्रं असतात. आपलं घर कोणतं, त्यावर त्यांनाच बोट ठेवू द्या.

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, या आजाराला स्वतंत्र निदान मिळालं, तरी काही सीनियर अजून ‘ओसीडीच (मंत्रचळ) तो’ म्हणून मोकळे होतात. त्यांच्याकडून घरभेटीची रीत शिका, निदान नको. आणि आवराआवरीच्या रील्सवाल्यांकडून काहीच नको.

मदतीसाठी या आजाराची वेगळी खिडकी शोधत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोफत आहे, मराठीतून बोलता येतं, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की नातेवाईक दचकतात, तिथल्या ओपीडीला पहिल्यांदा सोबत जा. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

जमेल तुम्हाला. वेळ लागतो इतकंच. सध्याच्या काकांकडे सात महिन्यांत एक कपाट झालंय. परवा त्यांनी स्वतःहून अकरा डबे दिले. झाकणं ठेवून घेतली.