एक इंटरनेट जोडणी अनेक भाडेकरूंना सुरक्षितपणे कशी द्यावी

इमारतीतील सर्व भाडेकरूंना एकाच जोडणीवरून इंटरनेट द्यायचे असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीच्या करारात अशा वाटपास मुभा आहे का, हे आधी पाहावे.

सगळ्यांना वाय-फायचा एकच पासवर्ड देणे सोपे असले, तरी ते टाळावे. तसे केल्यास एका घरातील प्रिंटर, कॅमेरे आणि शेअर केलेली फोल्डर्स दुसऱ्या घरातून दिसू शकतात. शिवाय डब्ल्यूपीए२ ही वाय-फायची सुरक्षा पद्धत वापरात असेल, तर पासवर्ड ठाऊक असलेला माणूस शेजाऱ्याचे उपकरण जोडले जातानाची देवाणघेवाण टिपून त्याची वाय-फायवरील वाहतूक उलगडू शकतो. संकेतस्थळांशी होणारा संवाद सांकेतिक करणाऱ्या एचटीटीपीएसमुळे आतला मजकूर झाकलेला राहतो, पण सगळे काही झाकले जात नाही.

म्हणून प्रत्येक घराला स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच उपकरणांवर आखलेले वेगळे आभासी नेटवर्क, द्यावे. त्यासाठी व्हीलॅन हाताळणारा राउटर आणि मॅनेज्ड स्विच (अनेक केबल जोडणारे, सेटिंग्ज बदलता येणारे उपकरण) लागतो. पहिल्या घराला व्हीलॅन १० आणि १९२.१६८.१०.० पासूनचे पत्ते, दुसऱ्याला व्हीलॅन २० आणि १९२.१६८.२०.० पासूनचे, अशी आखणी करावी. स्विच ते राउटर ही केबल सर्व व्हीलॅन वाहून नेते, तर घरात जाणाऱ्या केबलचा स्विचवरील प्रत्येक पोर्ट (केबल जोडण्याची जागा) एकाच व्हीलॅनचा असतो.

बरेच जण इथेच थांबतात, आणि नेमका धोका इथेच उरतो, कारण अनेक राउटर मुळात एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाहतूक जाऊ देतात. तेव्हा राउटरच्या फायरवॉलमध्ये (कोणती वाहतूक सोडायची आणि कोणती अडवायची हे ठरवणाऱ्या भागात) प्रत्येक व्हीलॅनसाठी क्रमाने नियम लिहावेत: राउटरकडील डीएचसीपी (उपकरणांना पत्ते देणारी सेवा) आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) यांना परवानगी; त्यानंतर १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ या खासगी, म्हणजे फक्त अंतर्गत नेटवर्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या, पत्त्यांच्या गटांकडे जाणे बंद. शेवटी उरलेल्या सर्व पत्त्यांना, म्हणजे इंटरनेटला, परवानगी. नियम वरून खाली तपासले जात असल्याने हा क्रम बदलू नये. राउटर आणि स्विच यांची सेटिंग्ज केवळ व्यवस्थापकाच्या वेगळ्या व्हीलॅनमधूनच उघडावीत.

यानंतर चाचणी घ्यावीच. एका घरातून दुसऱ्या घरातील उपकरणाला पिंग करावे, म्हणजे ते उत्तर देते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा. मात्र विंडोज संगणक स्वतःच्या फायरवॉलमुळेही गप्प राहतो, त्यामुळे त्याच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये. आपल्याच घरात पिंगला उत्तर देणारा प्रिंटर निवडावा आणि तो शेजारच्या घरातून उत्तर देत नाही, याची खात्री करून घ्यावी.

वाय-फायसाठी प्रत्येक भाडेकरूने आपल्या केबलला स्वतःचा राउटर जोडणे मला सर्वांत योग्य वाटते. सामायिक ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणावर) घरागणिक वेगळे वाय-फाय नाव ठेवता येते, परंतु प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची घोषणा करते आणि नावे वाढली की हवेतील वेळ त्यातच खर्च होतो.

घरागणिक वेगमर्यादा घालावी, म्हणजे एकाच्या डाउनलोडमुळे इतरांचे व्हिडिओ कॉल अडणार नाहीत. बाहेरून पाहता सगळ्यांचा सार्वजनिक आयपी पत्ता सहसा एकच दिसतो आणि तक्रार जोडणीधारकाकडेच येते. म्हणून कोणते व्हीलॅन कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी, आणि कोणती माहिती साठवली जाते हे भाडेकरूंना लेखी कळवावे. राउटर आणि स्विच कुलूपबंद पेटीत असावेत, त्यांचे फर्मवेअर (आतील सॉफ्टवेअर) अद्ययावत असावे आणि घर रिकामे झाले की त्या घराचा पोर्ट लगेच बंद करावा.