वस्तीच्या मंडळाने कामे कशी करून घ्यावीत

पुण्यातील नागरी वस्तीत मंडळ स्थापन करून त्याची नोंदणी करायची असल्यास संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सभासद लागतात. त्यांत किमान एक जण हिशेब आवडीने लिहिणारा असावा, कारण बहुतेक मंडळे मतभेदांपेक्षा हिशेबावरूनच मोडतात.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत सुरू केली. तिचा लाभ घ्यायचा तर क्षेत्रीय कार्यालयात मुदतीत अर्ज द्यावा लागतो. अर्जात ‘रस्ता सुधारावा’ एवढेच मोघम लिहू नये. पदपथाची कोणती फरशी उखडली आहे, ती विजेच्या कोणत्या क्रमांकाच्या खांबाजवळ आहे, किती लांबीचे काम आहे हे मोजून लिहावे, छायाचित्र जोडावे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. त्यानंतर पाठपुरावा एकाच व्यक्तीकडे ठेवावा. पाच जण गेले की पाच वेगवेगळी उत्तरे मिळतात.

गणेशोत्सवासाठी नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक छापलेला असावा आणि स्थळप्रती जपून ठेवाव्यात. मांडवाची परवानगी महापालिकेकडे, तर ध्वनिक्षेपकाची पोलिसांकडे मागावी. सूट दिलेले दिवस वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे कार्यक्रमपत्रिका छापण्याआधीच ठरवून घ्यावे.