लहान मुलांचा राग : भडका उडाल्यावर काय करायचं आणि एरवी काय

तीन वर्षांच्या मुलाच्या ताटातली पोळी तुम्ही सवयीने मोडून चार तुकडे केलेत. त्याने ताट ढकललं, जमिनीवर लोळण घेतली आणि 'अख्खी हवी होती!' म्हणून किंचाळायला सुरुवात केली. दुसरी पोळी वाढून उपयोग नाही, कारण त्याला तीच पोळी पुन्हा अख्खी झालेली हवी आहे. घरातल्या मोठ्यांना हा हट्ट वाटतो, लाडाने डोक्यावर बसवल्याचा परिणाम वाटतो. बहुतेक वेळा तसं नसतं. आपल्याला काय हवंय हे या वयात पक्कं कळायला लागलेलं असतं, पण ते सांगायला शब्द पुरत नाहीत. आणि उसळी आवरायला मेंदूचा जो पुढचा भाग लागतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. तीन वर्षांच्या मुलाकडून आपण तो आत्ताच मागत असतो.

या लेखातलं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. रागाच्या भरात असलेल्या मुलाला काहीही शिकवता येत नाही. तेव्हा फक्त सांभाळायचं असतं. शिकवायचं एरवी, ते हसतंखेळतं असताना. आपण नेमकं उलटं करतो. मूल किंचाळत असताना समजावत बसतो आणि शांत झालं की 'सुटलो एकदाचे' म्हणून विषयच सोडून देतो.

पुढे जे सांगितलंय ते साधारण दीड ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

१. आधी आठवडाभर लिहून काढा

एक वही घ्या. मूल चिडलं की नंतर वेळ मिळेल तेव्हा पाच गोष्टी टिपा : किती वाजले होते, आधी काय चाललं होतं, शेवटचं खाणं कधी झालं, झोप किती झाली होती आणि प्रकरण संपलं कसं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयांकडून अशाच रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. त्यांचा अभ्यास १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाच्या वेळेच्या जरा आधी रागाचे प्रसंग वाढतात, आजारपणात वाढतात, हे त्यातून दिसलं. आज आपल्या घरात वही ठेवली तरी पहिल्या आठवड्यात बहुधा हेच दिसतं.

त्यामुळे अर्धं काम स्वयंपाकघरात आणि अंथरुणात होतं. रोज संध्याकाळी साडेसहाला रडारड होत असेल तर सहाला केळं, लाडू, दहीपोहे असं काहीतरी पोटात जाऊ द्या. जेवण थोडं कमी जाईल, हरकत नाही. झोपेचं म्हणाल तर एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. बाबा साडेनऊला घरी येणार, मग जेवण, मग टीव्ही, साडेअकराला झोप आणि सकाळी सातला शाळेची व्हॅन, अशा घरात हे गणित बसतच नाही. अपुऱ्या झोपेचं मूल दिवसभर रडवेलं राहतं आणि आपण त्याला 'चिडकं' म्हणतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

वहीत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळायच्या क्षणी भडका उडतो : बागेतून घरी निघताना, टीव्ही बंद करताना, आंघोळीला नेताना. 'पाच मिनिटांत निघायचंय' याचा अर्थ लहान मुलाला लागत नाही. त्याला मोजता येईल असं सांगा. 'अजून दोनदा घसरगुंडी, मग चपला घालायच्या.' आणि दोनदा झाल्यावर खरंच निघा.

२. भडका उडालेला असताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून बघू.

पहिल्यांदा हे लक्षात असू द्या की हे लवकर संपतं. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून अशा प्रसंगांची तपशीलवार माहिती गोळा केली. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ७५ टक्के प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपलेले होते. आपल्याला ते अर्ध्या तासाचे वाटतात, कारण शेजारी ऐकत असतात, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात आणि सासूबाई दारात येऊन उभ्या असतात.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची आहे. किंचाळणं, लाथा मारणं, वस्तू फेकणं हा राग सुरुवातीला उसळतो आणि ओसरतो. दुःख मात्र त्या सगळ्याच्या खालून वाहत असतं. म्हणजे वर रागाने लाल झालेलं मूल आतून रडवेलंही असतं. राग शिगेला असताना जवळ घ्यायला गेलात तर ते ढकलून देईल, चावेलसुद्धा. किंचाळणं उतरून मुसमुसणं सुरू झालं की तेच मूल मांडीत शिरायला बघतं. तो बदल कानाने ओळखायला शिका.

तर क्रम असा. गॅस, पायऱ्या, काच यांपासून मुलाला बाजूला घ्या. हाताच्या अंतरावर, त्याच्या उंचीला येऊन खाली बसा. आवाज खाली आणा आणि एकदाच बोला : 'तुला अख्खी पोळी हवी होती. मी मोडली. खूप राग आला तुला.' बस. 'पण अरे, पोटात जाऊन तुकडेच होणार ना' हे त्या क्षणी सांगू नका. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी ते ऐकायला त्या क्षणी समोर कोणी नाही.

हात उगारला तर तो हलकेच पण ठाम धरा. 'मारू देणार नाही. राग आला तरी मारायचं नाही.' एवढंच. उलट चापट मारली तर 'मोठ्यांनी मारलं तर चालतं' एवढाच धडा जातो. मग थांबा. थांबणं हे काहीच न करण्यासारखं दिसतं, पण मुलाला शेजारी एक न घाबरलेला, न चिडलेला माणूस दिसत राहतो. त्याच्या आधारानेच ते खाली उतरतं. मुसमुसणं ऐकू आलं की हात पुढे करा.

काही गोष्टी मात्र करू नका. जे नाकारलंय ते रडण्यापुढे हार खाऊन देऊ नका. द्यायचंच असेल तर पहिल्या मिनिटात विचार करून 'हो' म्हणा, दहाव्या मिनिटात नाही. 'बुवा येईल', 'पोलिसांना देऊन टाकीन', 'असं केलंस तर मी निघून जाईन' ही वाक्यं मुलाला गप्प करतात, हे खरं आहे. पण ते गप्प होतं ते भीतीने, आणि तीच भीती रात्री अंथरुणात बाहेर येते. 'मुलगा असून रडतोस?' हे तर घरातून हद्दपारच करा. ज्या मुलाला रडायची बंदी होते त्याला दुःखही रागातूनच दाखवावं लागतं.

आणि मोबाइल. हातात दिला की आवाज बंद होतो, म्हणून मोह होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या ४२२ पालकांकडून माहिती घेतली होती. मुलाला शांत करायला वरचेवर मोबाइल-टॅब देण्याचा संबंध पुढच्या काही महिन्यांत मूल जास्त लवकर भडकण्याशी दिसला, विशेषतः मुलग्यांमध्ये. शांत व्हायचा सराव व्हायचे जे क्षण होते, ते स्क्रीनने खाऊन टाकले, असं मी त्याकडे बघते.

बाजारात किंवा एसटीत असं झालं तर मुलाला उचलून कडेला न्या आणि हेच करा. बघणाऱ्यांकडे बघू नका. त्यांना तोंड देण्यापेक्षा मुलाकडे पाठ न फिरवणं महत्त्वाचं.

एका प्रकाराने पालकांचं धाबं दणाणतं. काही मुलं रडता रडता श्वास कोंडतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. हे सहा महिने ते सहा वर्षे या वयात दिसतं आणि मूल ते मुद्दाम करत नाही. अशा वेळी कुशीवर झोपवा, तोंडात पाणी ओतू नका, गदागदा हलवू नका. श्वास आपोआप परत येतो. पण पहिल्यांदा झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. अशा काही मुलांमध्ये लोहाची कमतरता सापडते आणि ती भरून निघाली की हा प्रकार कमी होतो.

३. शांत झाल्यावर

पाणी द्या, तोंड पुसा, थोडा वेळ जवळ बसा. लगेच 'सॉरी म्हण' नको. पढवलेलं सॉरी तोंडातून निघतं, मनाला लागत नाही. त्याऐवजी बिघडलेलं नीट करायला लावा. ठोकळे फेकले असतील तर दोघांनी मिळून उचला. बहिणीला मारलं असेल तर 'तिला कुठे लागलंय बघूया' म्हणून तिच्याजवळ घेऊन जा, बर्फाचा रुमाल त्याच्या हातात द्या.

बोलायचं ते रात्री गोष्ट सांगताना, दोन-चार वाक्यांत. 'आज पोळीचा राग आला होता ना? पुढच्या वेळी काय सांगशील मला?' चार वर्षांचं मूल म्हणेल, 'तू मोडू नको, आधी विचार.' हे उत्तर आलं की तुमचा दिवस सार्थकी लागला. दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारा : 'मोडू का अख्खी वाढू?'

४. एरवीचा सराव

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि बदल खरा इथेच घडतो.

जुन्या वर्तमानपत्रावर मुलाला आडवं झोपवून त्याच्याभोवती खडूने रेघ ओढा. मग विचारा, राग येतो तेव्हा कुठे काय होतं? लाल रंग दे तिथे. कोणी मुठी रंगवतं, कोणी कान, कोणी पोट. राग फुटायच्या आधी तो अंगात कुठे येतो हे एकदा मुलाला कळलं की तुम्हाला नंतर म्हणता येतं, 'मुठी आवळल्या बघ.' बऱ्याच मुलांचा राग एवढ्यानेच अर्ध्या वाटेवर थांबतो.

शब्द द्या. चिडलास, वैतागलास, रुसलास, हिरमुसलास हे एकच नाहीत, आणि मूल ते पटकन उचलतं. कधी वर राग दिसतो आणि आत दुसरंच असतं. धाकटं बाळ घरात आल्यावर मोठं चिडखोर होतं तेव्हा विचारून बघा, 'बाळाला मांडीवर घेतलं की तुला एकटं एकटं वाटतं का?'

श्वास शिकवायला 'दीर्घ श्वास घे' म्हणून काही होत नाही. ओंजळ करायला सांगा, 'यात गरम वरणभात आहे, फुंकर घालून निववू.' हळू, लांब फुंकर. पाच-सहा फुंकरांत श्वास संथ होतो, आणि लांब उच्छ्वासाने अंग सैल पडतं. रोज जेवायला बसताना हा खेळ खेळलात तर रागाच्या वेळी 'वरणभात' एवढं म्हटलं तरी मूल ओंजळ करतं. 'स्टॅच्यू'चा खेळही असाच कामाचा. पळता पळता जागच्या जागी थांबणं म्हणजे स्वतःला आवरण्याचाच सराव.

'राग आला की उशीला बुक्के मार' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर बुक्के मारणाऱ्यांचा राग उतरण्याऐवजी वाढला. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा कमी चिडलेले होते. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, तरी राग आला की मारायचं ही सवय लहानपणी लावण्यात शहाणपण नाही. याच कारणासाठी मूल पडलं की 'हात रे जमिनीला!' म्हणून फरशीला चापट मारायची पद्धत सोडायला हवी. लागलं म्हणून जे दिसेल त्याला मारायचं, हे आपणच प्रेमाने शिकवत असतो.

५. घरातली मोठी माणसं

आईने नाही म्हटलेलं चॉकलेट आजोबांनी खिशातून काढलं की मूल कोणाकडे रडायचं ते शिकतं. यावर मुलासमोर भांडू नका. ते झोपल्यावर बसून बोला : 'आई, तो ओरडायला लागला की पाच मिनिटं मला एकटीला बघू द्या. नंतर तुम्ही त्याला जवळ घ्या, तुमच्याजवळ तो लवकर निवतो.' आजीला काम दिलं की ती तुमच्या बाजूची होते. नुसतं 'तुम्ही मध्ये पडू नका' म्हटलं तर घरात दोन पक्ष पडतात.

तुमचा स्वतःचा राग मुलं रोज बघतात. तो लपवू नका. 'मला आत्ता खूप राग आलाय, मी गॅलरीत जाऊन पाणी पिऊन येते' हे मोठ्याने म्हणा आणि जा. आवाज चढला असेल तर नंतर मुलाजवळ जाऊन 'मी जोरात ओरडले, ते चुकलं' असं सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

मूल वरचेवर २५ मिनिटांहून जास्त वेळ धुमसत राहत असेल, डोकं आपटून किंवा चावून स्वतःला इजा करत असेल, रोज कुणाला ना कुणाला मारत असेल, कोणीही जवळ घेतलं तरी निवत नसेल, किंवा शाळेत जायच्या वयातही हे कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर वाट बघू नका. बोलणं उशिरा आलेल्या मुलाचे कान तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूल घरात 'हट्टी' ठरतं. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 'डीईआयसी' (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) ही केंद्रं आहेत. तिथे मुलाचं बोलणं, ऐकणं, वागणं यांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून त्याचा पत्ता मिळेल. आणि तुम्हीच थकून गेला असाल, मुलावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.